मुन्सिफसाहेबांनी भरायला सांगितलेली ओटी

परभणीच्या अदालतीत माझ्यावरून दोन दावे चालू होते. एका दाव्यात मला फूस लावून पळवून नेलेलं होतं आणि दुसऱ्यात घरातून हाकलून दिलेलं होतं. दोन्ही दाव्यांतली बाई मीच. पळवणारा माझा सख्खा मामा आणि हाकलणारी माझ्या नवऱ्याची आत्या. त्या दिवशी मी स्वतः तिथं हजर होते, माझ्याच पायांनी उंबऱ्याबाहेर पडले होते, तरी मला पळवलं की हाकललं हे मला सांगता येत नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते, याला नेमकं काय ऐकायचंय म्हणून.

निजामाचं राज्य होतं. लढाई चालू होती, राकेल मिळत नव्हतं आणि अदालतीतलं सगळं कामकाज उर्दूत चालायचं. आमच्या घरात कुणाला उर्दू येत नव्हती. म्हणजे माझ्या संसाराचं काय चाललंय, ते मला बाहेर आल्यावर वकील सांगणार, आणि आमचा वकील सांगायचा त्याच्या बरोबर उलटं त्यांचा वकील आपल्या माणसांना सांगायचा. दोघंही म्हणायचे, काळजी करू नका, आपलंच पारडं जड आहे.

आधी मामाचं सांगते. मी रांगत असताना वडील गेले, तेव्हा मामा आईला आणि मला राणीसावरगावला घेऊन आला. मला त्यानेच वाढवलं, त्यानेच लग्न लावलं. जेवताना स्वतःच्या ताटातलं तूप माझ्या भाकरीवर ओतणारा माणूस. पण मानपानाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. लग्नात त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवलं म्हणून अक्षता पडेपर्यंत उभाच राहिला होता.

सासर माझं पिंगळीच्या शिवारात. सासू-सासरे दोघंही नव्हते. घर होतं आत्याबाईंच्या हातात. त्या लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परत आल्या होत्या आणि माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, त्यांनीच न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं. बोलणं अगदी कमी. माझी भाकरी तव्यावर फाटली तर काही न बोलता माझ्या हातातलं पीठ घ्यायच्या, परत मळायच्या आणि परत माझ्याच हातात द्यायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी त्यांना भ्यायचे. मालकांना मात्र मुळीच भ्यायचे नाही. ते रानातून आले की आधी बैलांना पाणी पाजायचे आणि मग माझ्याकडं बघून उगीचच हसायचे. मला ते घर आवडायला लागलं होतं, हे मी स्पष्टच लिहिते, कारण तेव्हा ते कुणालाच बोलले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मामा मुराळी म्हणून मला न्यायला आला. मालक रानात होते. आत्याबाईंनी मामाला जेवू घातलं, वाढताना कशात कमी केलं नाही. मामाला पिंगळी स्टेशनवरून गाडी धरायची होती. त्याने हात धुतले आणि म्हणाला, “विहीणबाई, निघावं लागतंय आता. गाडी काई आपल्यासाठी थांबायची न्हाई.”

“बसा जरा,” आत्याबाई म्हणाल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या.

आम्ही बसलो. मामाने पान खाल्लं, मग दुसरं खाल्लं. थोड्या वेळाने मागच्या दाराचा आवाज आला, आत्याबाई परत आल्याचं मला पावलांवरून कळलं, पण त्या बाहेरच्या सोप्यात आल्याच नाहीत. मामा दोनदा खाकरला. मी देवापुढं हळदकुंकू वाहिलं आणि आतल्या दाराशी जाऊन म्हटलं, “आत्याबाई, येते मी.” आत धान्याच्या कणग्या होत्या, अंधार होता. काही उत्तर आलं नाही.

लेक सासरहून माहेरी निघाली की तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. पदरात गहू, खण, नारळ घालायचे. भरलेल्या ओटीनं गेलेली बाई भरल्या ओटीनं परत येणार, हे त्यात आलं. रिकाम्या पदरानं कुणी बाहेर पडली तर बघणारा समजून घेतो, की हिचं इथलं संपलं. मामाने माझ्या पदराकडं बघितलं. त्याचं तोंड असं झालं की मी खाली बघायला लागले.

“चल,” तो म्हणाला. “दारापोत्तर बी आली न्हाई. चल पोरी.”

गंमत अशी की त्या दिवशी गाडी उशिरा आली. आम्ही पिंगळी स्टेशनवर बसून राहिलो. मी सारखी रस्त्याकडं बघत होते, कुणीतरी मागून येईल, नारळ घेऊन येईल, असं वाटत होतं. कुणी आलं नाही. तेव्हा मला आत्याबाईंचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मामाला वाटलं की मी सासरच्या जाचाने रडतेय.

पंचमी झाली, पोळा झाला. सासरहून कुणी न्यायला येईना. मामा म्हणे, त्यांनी हाकललं, त्यांनीच न्यायला मूळ पाठवावं. सासरी म्हणत होते, मामाने नेली, मामाने आणून घालावी. दसऱ्याला मालक स्वतः निघाले होते, तर भावकीतल्या लोकांनी अडवलं, बायकोच्या दारात असं पडायला जाऊ नये म्हणून. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की रस्त्यावरून येणारा माणूस आमच्या दारापुढून पुढं जातो. संक्रांतीला मला कुणी तिळगूळ पाठवला नाही. त्यानंतर चपराशी आला तो समन्स घेऊन. मालकांच्या नावानं दावा लागला होता, की मामाने लग्नाच्या बाईला फूस लावून डांबून ठेवलंय.

मामा भडकला. गंगाखेडहून गाडीत बसून तो परभणीला गेला आणि उलटा दावा ठोकून आला, की नवऱ्याच्या आत्याने संसारात काडी घालून पोरीला घराबाहेर काढलं. घरी येऊन मला म्हणाला, “भिऊ नको. तुजा मान मी परत आणतो.”

मला मान नको होता. मला पिंगळीला जायचं होतं. पण ज्याने आपल्या ताटातलं तूप घातलं त्याला हे कसं सांगायचं? तो माझ्यासाठी भांडत होता. त्याला सांगायचं, की तू भांडतोयस ते मला नकोय? मी तोंडात मूग धरून बसले. शिवाय खरं सांगायचं तर माझीच खात्री नव्हती. घरात रोज तीच गोष्ट निघायची आणि रोज थोडी वाढायची. आधी आत्याबाई दारापर्यंत आल्या नव्हत्या. मग त्यांनी दार लावून घेतलं होतं. मग दार आपटलं होतं. ऐकून ऐकून मलाही ते दार आपटल्याचं ऐकू यायला लागलं. त्या आतल्या खोलीला दारच नव्हतं, हे मला एकदा भाकरी थापताना आठवलं आणि माझा हात थांबला.

पेश्या, म्हणजे अदालतीच्या तारखा, सुरू झाल्या. एकदा त्यांच्या दाव्याची, एकदा आमच्या. मालक पिंगळीहून बैलगाडी घेऊन यायचे आणि अदालतीच्या आवारात कडुलिंबाखाली सोडायचे. आमच्या वकिलाने मला बजावलं होतं, समोरच्या पक्षाशी एक अक्षर बोलायचं नाही, दावा कच्चा होतो. त्यांच्या वकिलानेही मालकांना तेच बजावलं होतं. मी मामाच्या मागं मान खाली घालून लिंबाजवळून जायचे, आणि त्या गाडीचा डावा बैल मला ओळखून मान वर करायचा. बैलाशी बोलू नका असं कुणी सांगितलं नव्हतं.

“काय रे,” मी एकदा त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, “लय वाळलास. पेंड घालीनात का तुला?”

मालक दुसऱ्या बैलाची वेसण नीट करत होते. त्यांनी त्या बैलाला सांगितलं, “घालायलोय की. पर ह्योच खाईना.”

माझा सगळा संसार त्या दिवसांत तेवढाच होता. पुढच्या पेशीपर्यंत मी ते बोलणं घोळवत बसायचे.

आत काय चालायचं ते मला कळायचं नाही. निवाडा करणारे मुन्सिफसाहेब म्हातारे होते, हैदराबादकडचे, बोलता बोलता चष्मा काढून डोळे मिटायचे. आमचा वकील हात हलवून हलवून बोलायचा. त्यात मला फक्त ‘ओटी’ हा एक शब्द ओळखू यायचा. बाहेर येऊन तो मामाला सांगायचा, “ओटी भरली नाही, हा आपला हुकमी पत्ता आहे.” त्यांचा वकील म्हणे, ओटी भरणं हा काही कायदा नाही. दोघांनी त्या ओटीचा इतका कीस पाडला, पण ती का भरली नाही, हे एकानेही आत्याबाईंना विचारलं नाही. त्या भिंतीला टेकून, पदर कपाळावर ओढून उभ्या असायच्या. त्यांच्यावरच दावा होता म्हणून त्यांना यावं लागायचं. त्यांनाही तोंड उघडू नका असं सांगितलेलं असणार, पण त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

मग एका पेशीला मुन्सिफसाहेबांनाच कंटाळा आला असावा. त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. वकील म्हणाला, “साहेब विचारतात, तुला काय पाहिजे?”

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं. माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झाला. समोर मालक, बाजूला मामा, भिंतीला आत्याबाई. घरी जायचंय म्हणावं तर कोणतं घर, हे सांगावं लागणार. मी म्हटलं, “मामा म्हणतील ते.” लगेच दोन्ही वकील एकदम बोलायला लागले. आमचा म्हणाला असेल की बघा, मामावर विश्वास आहे, आणि त्यांचा म्हणाला असेल की बघा, मामाने पढवलंय.

साहेबांनी हात वर करून दोघांना गप्प केलं आणि मामाला विचारलं, तुझं समाधान कशानं होईल? मामा सरळ उभा राहिला. “ओटी भरून न्या,” तो म्हणाला. “चार लोकांत ओटी भरा न् घेऊन जा. माजी काईच हरकत न्हाई.”

“ये ओटी आखिर है क्या चीज?” साहेबांनी विचारलं. एवढं मला कळलं. वकिलाने पदर धरल्यासारखा हात करून समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसले. मग हुकूम दिला, की भरा मग, आत्ताच भरा, आणि दोन्ही दावे मिटवा.

मालक पळत सुटले. त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. परभणीच्या बाजारातून ते उपरण्यात गहू, नारळ, हिरवा खण, हळदकुंकू असं सगळं घेऊन आले, धापा टाकत, आणि ते उपरणं त्यांनी साहेबांच्या समोर जमिनीवर पसरलं. मला इतका आनंद झाला की मी पदर पसरून पुढंच झाले. पेशकार, चपराशी, बाहेर बसलेले दुसऱ्या दाव्यांचे लोक, सगळे दारात गोळा झाले. आणि मग सगळे थांबले.

भरणार कोण? सासरच्या बाजूची बाई तिथं एकच होती. सगळ्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. त्या भिंतीला आणखी चिकटल्या. साहेबांनी हातानेच खूण केली, या, भरा.

“न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “माज्या हातानं न्हाई.”

वकिलाने ते उर्दूत सांगितलं. काय सांगितलं ते साहेबांच्या तोंडावर दिसलं. बाई नकार देते. मामा ओरडला, “बघा साहेब! आज बी न्हाईच म्हणायली! आता तरी पटलं का?” आमचा वकील हुकमी पत्ता मिळाल्यासारखा बोलत सुटला. त्यांचा वकील आत्याबाईंवर डाफरला. मालक गव्हाकडं बघत नुसते उभे राहिले. माझा पदर अजून पसरलेलाच होता. साहेब चिडले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. लोक पांगले. मी पदर कधी खाली सोडला ते मला आठवत नाही.

मामा वकिलाशी बोलत थांबला होता. मी सरळ लिंबाखाली गेले. दावा कच्चा होतो की पिकतो, मला त्याचं काही राहिलं नव्हतं. मालकांनी गव्हाचं उपरणं गाडीत ठेवलं होतं आणि ते बैलांपाशी उभे होते, आत्याबाई गाडीच्या चाकाशी बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वरच्या आवाजात बोलले.

“का न्हाई म्हनलात? तवाबी न्हाई, आताबी न्हाई. काय केलंय मी तुमचं?”

त्यांनी वर बघितलं आणि कपाळावरचा पदर मागं सारला. “हे दिसंना का तुला?” त्या म्हणाल्या.

कपाळ मोकळं होतं. ते मी रोज बघत आले होते. विधवेनं ओटी भरायची नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मामाला माहीत नव्हतं असंही नाही. मालकांना, भावकीला, दोन्ही वकिलांना, सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्या घरात दुसरी सवाष्ण बाई नाही तिथं ओटी कोण भरणार, हे दोन दावे, एवढ्या पेश्या झाल्या तरी आमच्यातल्या कुणालाच सुचलं नाही.

“शेजारीण आनाया गेले व्हते,” त्या म्हणाल्या. “ती खुरपायला गेल्याली. पल्याडच्या घरी सुतक. सवाशीन कुटून आनू? मग मी कनगीमागं जाऊन बसले. तू निघताना माजं त्वांड आडवं येऊ नये म्हून बसले. तू हाक मारलीस, ती ऐकली मी.”

“मग आत्तापोत्तर सांगितलं का न्हाई?”

“कुनाला सांगू? एवढ्या बाप्यांत हुबं ऱ्हाऊन म्हनू, का माजं कपाळ पांढरं हाय?”

मला रडू आलं, रागही आला, आणि कुणाचा राग करावा ते कळेना. मामाचा करावा तर तो माझ्या मानासाठी आला होता. यांचा करावा तर या माझ्या भल्यासाठी लपल्या होत्या. दोघांनी मिळून माझं जवळजवळ वर्ष घालवलं होतं आणि दोघांचीही माझ्यावर माया होती. काय करावं ते मला खरोखर कळत नव्हतं. मी गाडीतलं ते उपरणं उचललं, त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि पदर पसरला.

“येडी का खुळी,” त्या म्हणाल्या. “इपरीत हुईल.”

“व्हयाचं ते झालंच की. तुमी भरा, न्हाई तर मी अशीच रिकामी मामासंगं जाते. मग कवाच येत न्हाई.”

त्यांनी मालकांकडं बघितलं. मालकांनी तोंड फिरवून बैलाच्या पाठीवर हात ठेवला. आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि ओंजळीने गहू माझ्या पदरात घातले. डोळे मिटलेले असल्यानं निम्मे खाली मातीत पडले. खण घातला, नारळ घातला. हळदकुंकवाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते मी माझ्या बोटाने लावून घेतलं.

एवढ्यात मामा आला. त्याने माझा भरलेला पदर बघितला, आत्याबाईंचे गव्हाचे हात बघितले. ज्या ओटीसाठी तो अदालतीची पायरी चढला होता ती त्याच्या डोळ्यांपुढं भरलेली होती. “आगं, ही कुणाच्या हातानं भरून घेतलीस?” तो म्हणाला. “असली कुटं ओटी असती का?” मग बोलता बोलताच त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण तो मधेच थांबला. त्याने आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर पुन्हा कपाळावर ओढला होता. मामा खाली बसला आणि मातीत सांडलेले गहू एकेक करून वेचायला लागला. वेचलेले त्याने माझ्या पदरात टाकले. मी त्याच्या पाया पडले आणि गाडीत चढले.

पुढच्या तारखेला कुणीच गेलं नाही. त्या दाव्यांचं अदालतीत काय झालं, कोण जिंकलं, मला माहीत नाही. मला पळवलं होतं की हाकललं होतं, ते तसंच राहिलं.

परभणीहून पिंगळीचा रस्ता तेव्हा कच्चा होता. मालक पुढं बैल हाकत होते, मी मधे, मांडीवर ओटी घेऊन. आत्याबाई गाडीच्या मागच्या तोंडाशी, पाय खाली सोडून, आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. धूळ सगळी त्यांच्या अंगावर येत होती. मी दोनदा म्हटलं, आत सरका, इकडं तोंड करून बसा. त्या हलल्या नाहीत. घरी जाणाऱ्या सुनेला पहिलं आपलं तोंड दिसू नये, म्हणून त्या सबंध वाट तशाच बसून राहिल्या. शिवार आलं, आमचं बाभळीचं बन दिसायला लागलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी वळून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, “आत्याबाई, गाव आलं. बघा तरी.”

“तू म्होरं बघ,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “मी हाय मागं.”